क्रूझआधीच्या लसी: दिवस उलटे कुठून मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा. नेरूळचं जोडपं, वय ३४ आणि ३८, सोबत ५ वर्षांची मुलगी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे आई-बाबाही बरोबर येणार. बाबा ६६ वर्षांचे, मधुमेह आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. आई ६१ वर्षांच्या, त्यांना संधिवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. ४ डिसेंबरला मुंबईहून विमान, ७ डिसेंबरला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून जहाज. १० ला अरुबा, १२ ला कोलंबियातलं कार्ताहेना, १३ ला पनामातलं कोलोन, १४ ला कोस्टा रिकातलं लिमोन, १७ ला परत फोर्ट लॉडरडेल. त्याच संध्याकाळी विमान आणि १९ च्या पहाटे मुंबई. मोठ्या सगळ्यांचे कोविडचे डोस २०२२ मध्ये झालेले आहेत. विचारलंय असं, की कोणते बूस्टर घ्यायचे, किती दिवस आधी, आणि एजंट म्हणतो तसं 'जहाज निघायच्या १४ दिवस आधी सगळं उरका' हे बरोबर आहे का.

एजंटचे १४ दिवस कोविडच्या काळातले आहेत. तेव्हा बहुतेक क्रूझ कंपन्यांची अट होती की शेवटच्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने क्रूझ जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम १८ जुलै २०२२ ला बंद केला, त्यानंतर कंपन्यांनी अटी एकेक करून काढल्या. परदेशातून विमानाने येणाऱ्यांसाठीची लसीची सक्ती अमेरिकेने मे २०२३ मध्ये उठवली. त्यामुळे तुमच्या प्रवासात कोविडचा बूस्टर ही कागदाची अट उरलेली नाही. तरी बुकिंग क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्याच सफरीचं आरोग्यविषयक पान उघडून बघा, कारण अटी कंपनीनुसारच नव्हे तर सफरीनुसार बदलतात. कोविनवरून उतरवलेलं, पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र फोनमध्ये असेल तर राहू द्या. त्यासाठी नव्याने धावपळ नको.

मात्र १४ हा आकडा सगळ्या लसींना सरसकट लावला की गोंधळ होतो. लसीच्या तारखा तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजाव्या लागतात. एक, ज्या देशात उतरायचं तिथला किंवा परत येताना भारताचा कायदा. दोन, जहाजावर चढताना कंपनी काय बघणार. तीन, शरीराला संरक्षण तयार करायला लागणारा वेळ आणि लसीचा त्रास ओसरायला लागणारा वेळ. तुमच्या कुटुंबात कायद्याचा भाग एकाच लसीपुरता आहे, पण तोच सगळ्यात अवघड आहे. म्हणून आधी तो.

यलो फीव्हर: अडचण परतीच्या विमानतळावर

कोलंबिया आणि पनामा हे दोन्ही देश यलो फीव्हर या डासांमधून पसरणाऱ्या आजाराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. कोलंबियात २०२५ मध्ये तोलिमा भागात मोठा उद्रेक झाला होता आणि तिथल्या सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. पनामा कालव्याचा परिसर तसा कमी धोक्याचा मानला जातो, पण भारताची यादी देशवार असते. 'आम्ही फक्त कालव्याजवळ उतरलो' हे मुंबईच्या काउंटरवर चालत नाही.

अमेरिका यलो फीव्हर लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळी पुस्तिका किंवा कार्ड, मागत नाही. अरुबाला तुम्ही कोलंबियाच्या आधी पोचता, त्यामुळे तिथेही प्रश्न नाही. उरतात तीन जागा. पहिली कोलोन: धोक्याच्या देशातून येणाऱ्याकडे पनामाही कार्ड मागतो, आणि तुम्ही कोलंबियाहून येता. दुसरी लिमोन: कोस्टा रिकाच्या नियमानुसार कोलंबियाहून येणाऱ्याला कार्ड लागतं. तिसरी आणि खरी जागा म्हणजे भारत. धोक्याच्या देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत जो भारतात येतो त्याच्याकडे वैध यलो फीव्हर प्रमाणपत्र नसेल, तर त्याला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. वयामुळे सूट फक्त ९ महिन्यांखालच्या बाळांना. तुम्ही कोलोनहून १३ च्या संध्याकाळी निघता आणि १९ च्या पहाटे मुंबईत उतरता. सहा दिवस पुरते भरत नाहीत, म्हणजे तुम्ही नियमात सापडता. परतीचं विमान १९ ला संध्याकाळी धरून २१ ला पोचलात, तर भारताचा हा नियम तुम्हाला लागूच होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आई-बाबांसाठी त्याचा उपयोग आहे.

आता दिवस. या लसीचं प्रमाणपत्र डोसनंतर १० दिवसांनी वैध होतं. डोसचा दिवस शून्य धरायचा. २४ नोव्हेंबरला लस घेतली तर कार्ड ४ डिसेंबरपासून चालतं, म्हणजे विमानात बसायच्या दिवशी. २७ नोव्हेंबरला घेतली तर ७ डिसेंबरपासून, जहाजावर चढायच्या दिवशी. २ डिसेंबरला घेतली तर १२ ला, कार्ताहेनाच्या दिवशी. कागदावर शेवटची तारीखही बसते, पण जहाजाच्या काउंटरवरचा माणूस ७ तारखेला कार्ड उघडणार आणि त्यावर 'वैध १२ डिसेंबरपासून' असं वाचणार. त्याच्याशी तिथे वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही. म्हणून हिशोब विमानाच्या तारखेपासून करा, आणि त्यातही २४ नोव्हेंबर ही ताणलेली मर्यादा समजा. लशीनंतर बारीक ताप, डोकेदुखी, अंगदुखी ही बहुधा ५ ते १० दिवसांत येते. ती विमानात यायला नको. ऑक्टोबर संपायच्या आत ज्यांना घ्यायची त्यांची होऊन जाऊ दे.

एकच डोस, ०.५ मिलि, आणि आयुष्यभरासाठी. बूस्टर लागत नाही. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमच तसा बदलला आहे, आणि तो जुन्या कार्डांनाही लागू आहे. म्हणजे तुमचे बाबा नोकरीत असताना कधी नायजेरियाला, केनियाला वगैरे गेले असतील तर कपाटातली ती जुनी पिवळी पुस्तिका शोधा. तिच्यावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी ती आजही चालते. पासपोर्ट क्रमांक जुना असेल तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा. पुस्तिका सापडली तर त्यांच्यासाठी पुढचा अर्धा पान मजकूर वाचायची गरज नाही.

नसेल सापडली तर नीट विचार हवा. यलो फीव्हरची लस जिवंत विषाणूची असते. साठीनंतर पहिल्यांदाच ती घेणाऱ्यांत यकृत-मूत्रपिंडासारख्या अवयवांवर किंवा मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. एकूण प्रमाण फार कमी, पण शून्य नाही. अमेझॉनच्या जंगलात जाणाऱ्या माणसाने हा धोका पत्करण्यात अर्थ असतो. कार्ताहेनाच्या जुन्या शहरात चार तास फिरून संध्याकाळी जहाजावर जेवायला परतणाऱ्या ६६ वर्षांच्या माणसाने केवळ शिक्क्यासाठी तो पत्करावा, असं माझं मत नाही. आईंच्या बाबतीत मेथोट्रेक्सेट चालू असताना ही लस टाळायचीच. 'दोन आठवडे गोळी बंद करून घेऊन टाकू' हा जुगाड करू नका. सांधे पुन्हा धरतील आणि लसही सुरक्षित होईलच असं नाही.

मग आई-बाबांचं काय? दोन वाटा आहेत. पहिली, परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकलणं. फ्लोरिडात दोन रात्रींचं हॉटेल महाग पडेल, पण सहा दिवसांच्या नियमातून सुटका होते. इथे लसीपेक्षा तिकीट बदलणं सोपं आहे. दुसरी, वैद्यकीय सूट. ती साध्या चिठ्ठीवर चालत नाही. अधिकृत यलो फीव्हर केंद्रात संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र न्यायचं. ते पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह आणि कोणतं औषध कोणत्या मात्रेत चालू आहे हे लिहिलेलं हवं. केंद्रातला डॉक्टर पटलं तर पुस्तिकेतल्या सूटीच्या पानावर सही-शिक्का देतो. पण सूट म्हणजे हमी नव्हे. समोरचा देश ती नाकारू शकतो, आणि भारतातला आरोग्य अधिकारीही लक्षणांवर नजर ठेवायला सांगू शकतो. त्यामुळे आईंसाठी दोन्ही करा: सूटीचं पान घ्या आणि तिकीटही पुढे ढकला.

कोलोन आणि लिमोनचा प्रश्न तरी राहतोच. तिथे कार्ड नसलेल्या प्रवाशाला जहाजातच थांबवतात, की कंपनी त्याला आधीच चढू देत नाही, हे कंपनीने ठरवायचं असतं. म्हणून कंपनीला ईमेल टाका आणि तीन गोष्टी नेमक्या विचारा. या सफरीला यलो फीव्हर कार्ड सक्तीचं आहे का; वैद्यकीय सूट मान्य आहे का; कार्ड नसलेल्याला कोणत्या बंदरावर उतरता येणार नाही. उत्तर लेखी घ्या, छापून ठेवा. एजंटचं तोंडी 'काही होत नाही हो' बंदराच्या काउंटरवर दाखवता येत नाही. अंतिम पैसे भरायच्या तारखेआधी हे झालं तर उत्तम, कारण त्यानंतर आई-बाबांची खोली रद्द करायची वेळ आली तर पैसे कापले जातात.

तुम्ही, तुमचे मिस्टर आणि मुलगी यांनी ही लस घ्यावी, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा रोगप्रतिकारशक्तीचा आजार नसेल तर. तुम्ही गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा लवकरच बाळाचा विचार असेल तर लस टोचण्याआधी तसं स्पष्ट सांगा. लशीनंतर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. आणि हे विषयाशी लागून आहे म्हणून: बहुतेक कंपन्या प्रवास संपेपर्यंत २४ वा आठवडा सुरू होणाऱ्या गरोदर बाईला जहाजावर घेत नाहीत.

लस कुठे? ठाण्या-नेरूळच्या नेहमीच्या दवाखान्यात नाही. ती फक्त केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवर मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत, शिवाय काही मान्यताप्राप्त रुग्णालयं. आरोग्य मंत्रालयाच्या यादीत केंद्राचं नाव नसेल तर तिथला शिक्का विमानतळावर चालणार नाही, लस खरी असली तरी. आधी वेळ ठरवूनच जा. बाटलीत अनेक डोस असतात आणि उघडल्यावर ती थोड्याच तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी ठरावीक माणसं बोलावतात. दिवाळीच्या आठवड्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत वेळ मिळणं कठीण. मूळ पासपोर्ट न्यायचा, झेरॉक्स नाही. मुलीचाही.

आणि तिथून निघायच्या आधी पुस्तिका उघडून उभ्या-उभ्या वाचा. नाव पासपोर्टसारखंच आहे का, वडिलांचं नाव मधे घुसलंय किंवा गळलंय का. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. तारखेत महिना अक्षरांत आहे का. लसीची कंपनी आणि बॅच क्रमांक. वैधतेची तारीख डोसच्या तारखेच्या १० दिवस पुढची आहे का, घाईत तीच तारीख दोनदा लिहिली जाते. डॉक्टरांची हाताने केलेली सही, केंद्राचा शिक्का. खाडाखोड असेल तर नवीन पुस्तिका मागा. दुरुस्त केलेलं किंवा अर्धवट भरलेलं कार्ड अवैध ठरवता येतं, असं त्या कार्डावरच छापलेलं असतं.

मुलीचं वेळापत्रक आधी बघा

पाच वर्षांच्या मुलीचं यलो फीव्हर ठरवण्याआधी तिची लसींची फाइल काढा. या वयात गोवर-गालगुंड-रुबेलाचा शेवटचा डोस आणि कांजिण्यांचा दुसरा डोस बऱ्याचदा राहिलेला असतो. दोन्ही जिवंत लसी. टोचून द्यायच्या दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मधे २८ दिवस सोडायचे. मधल्या कुठल्या तरी दिवशी दिल्या तर दुसरी नीट लागत नाही. गोवराची आणि यलो फीव्हरची एकाच दिवशी दिली तर दोन्हींचं उत्तर थोडं कमी येऊ शकतं, म्हणून वेळ असेल तर २८ दिवसांचं अंतरच बरं. तुमच्याकडे वेळ आहे: सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोवर आणि कांजिण्या एकाच दिवशी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर यलो फीव्हर. उलट क्रम लावायचा तर तोही चालतो, अंतर तेवढंच. शाळेने मधेच क्षयरोगाची त्वचेवरची तपासणी सांगितली तर ती जिवंत लसीच्याच दिवशी किंवा ४ आठवड्यांनंतर करा.

हे कागदासाठी नाही. बंद जहाजावर शेकडो मुलं एकाच खेळघरात असतात आणि गोवर-कांजिण्या तिथे झपाट्याने फिरतात. पुरळ आलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला उरलेली सफर खोलीत काढावी लागते.

फ्लूचंही तिला वेगळं गणित आहे. ९ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना दोन डोस लागतात, ४ आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे पहिला ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसरा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. नोव्हेंबरअखेर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन 'एक मारून टाका' म्हटलं तर अर्धवट काम होतं. फ्लूची टोचायची लस निष्क्रिय असते, त्यामुळे ती यलो फीव्हरच्याच दिवशी दिली तरी हरकत नाही.

मोठ्यांचा फ्लू, आणि कोणती बाटली

क्रूझवर खरोखर कुणी आजारी पडत असेल तर ते श्वसनाच्या आजारांनी आणि जुलाब-उलट्यांनी. म्हणून जहाजाने मागितली नसली तरी सगळ्यांनी फ्लूची लस घ्यावी, बाबांनी तर नक्कीच. संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वर येतो, म्हणून बरेच जण मे-जूनमध्ये लस घेतात. ती दक्षिण गोलार्धाच्या हंगामाची असते. तुम्ही मात्र डिसेंबरात अमेरिकेत, उत्तरेच्या हंगामाच्या मधोमध जाणार आहात. ऑक्टोबरपासून उत्तर गोलार्धाची नवीन बाटली बाजारात येऊ लागते. खोक्यावर हंगामाचं वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, तो वाचूनच घ्या. बाबांनी जूनमध्ये घेतली असली तरी ६६ व्या वर्षी, मधुमेह असताना, पाच-सहा महिन्यांनी नवीन हंगामाची पुन्हा घेणं योग्य आहे. त्यांच्यासाठी तारीख ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. फार लवकर घेतली तर हंगामाच्या मध्यापर्यंत जोर उतरतो.

आईंसाठी एक बारकावा. मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांत फ्लूच्या लसीचं उत्तर कमी येतं. सांधे आटोक्यात असतील तर लशीनंतर २ आठवडे गोळी थांबवण्याची शिफारस संधिवाताचे तज्ज्ञ करतात. म्हणजे दोन साप्ताहिक डोस चुकवायचे. हे ठरवायचं त्यांच्या डॉक्टरांनी, आणि फक्त फ्लूच्या लसीपुरतं. न्यूमोनिया किंवा धनुर्वाताच्या लसीसाठी गोळी थांबवायची गरज नसते. यासाठीही तारीख महत्त्वाची आहे: २५ नोव्हेंबरला लस घेऊन गोळी थांबवली आणि सांधे धरले तर ते नेमके जहाजावर धरतील. म्हणून आईंनी ऑक्टोबरच्या मध्यावर घ्यावी.

बाकीचे बूस्टर

न्यूमोनियाची लस बाबांनी आणि आईंनी घेतली नसेल तर हाच मोका. जंतूच्या २० प्रकारांवरची लस मिळाली तर एका डोसमध्ये काम होतं. १३ प्रकारांची दिली तर पुढे २३ प्रकारांची दुसरी लागते: बाबांना वर्षभराने, आईंना प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने ८ आठवड्यांनीही चालते. पूर्वी २३ ची घेतली असेल तर वर्ष उलटल्याशिवाय नवीन नको. त्यामुळे जुनी चिठ्ठी शोधा. 'न्यूमोनियाची झाली आहे' एवढ्या आठवणीवर कुठली झाली ते कळत नाही.

धनुर्वाताचा बूस्टर दर १० वर्षांनी. शक्यतो धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला अशा तिन्हींवरची लस एकदा घ्या, पुढच्या वेळी साधी चालते. तुमच्या पिढीत बहुतेकांची शेवटची सुई 'गंज लागलेला खिळा टोचला' तेव्हाची असते.

नागिणीच्या लसीबद्दल जहाज कधीच विचारत नाही. ५० च्या पुढच्यांना ती उपयोगी आहे आणि आईंसारख्या मेथोट्रेक्सेटवरच्यांना तर विशेष. सध्याची लस निष्क्रिय आहे, त्यामुळे गोळ्या चालू असताना देता येते. पण तिचे दोन डोस लागतात, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, आणि प्रत्येक डोसनंतर दोन-तीन दिवस अंग मोडून येतं, ताप येतो, दंड दुखतो. तिच्यासोबत दुसरी लस त्याच दिवशी देता येते, पण मी देणार नाही. ताप आला तर कशामुळे आला ते कळत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर पहिला, नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरा. ते जमत नसेल तर सरळ जानेवारीत सुरू करा, सफरीसाठी घाई करण्यात काही मिळत नाही.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए यांच्याबद्दल एजंटच्या यादीत लिहिलेलं असतं. तुम्ही ठाणे-नवी मुंबईहून कॅरिबियनला जाताय. रस्त्यावरच्या पाणीपुरीने जो धोका होता तो जहाजावर वाढत नाही. आई-बाबांना हिपॅटायटिस ए बहुधा लहानपणीच होऊन गेला असेल. तुमच्या दोघांच्या या लसी राहिल्या असतील तर जरूर घ्या, पण त्या इथल्या राहण्यासाठी. टायफॉइडची टोचायची लस काम करायला २ आठवडे लागतात.

आणि ज्याची लसच नाही ते नोरोव्हायरस. जहाजावरच्या जुलाब-उलट्यांच्या उद्रेकांमागे बऱ्याचदा तोच असतो. प्रत्येक दारात लावलेल्या सॅनिटायझरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात धुवायचे, मुलीलाही.

लस विकत घेताना काय बिघडतं

सरकारी केंद्राबाहेरच्या लसी बरेच जण केमिस्टकडून घेऊन दवाखान्यात नेतात. इथेच नासाडी होते. २ ते ८ अंश तापमान लागतं. ऑक्टोबर हीटमध्ये नौपाड्याच्या दुकानातून रिक्षाने कासारवडवलीपर्यंत, ट्रॅफिकमध्ये तासभर, पिशवीत लस, हे एक टोक. दुसरं टोक त्याहून वाईट: भोळेपणाने बर्फावर ठेवलेली लस गोठते. धनुर्वात, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी या लसी एकदा गोठल्या की फुकट, आणि बाहेरून दिसत नाही. आइसपॅक फ्रिजरमधून काढून वर पाणी सुटेपर्यंत बाहेर ठेवावा, मग कागदात गुंडाळून डब्यात ठेवावा, लसीचा खोका त्याला चिकटू देऊ नये. पण सगळ्यात चांगलं म्हणजे जिथे लस साठवलेली असते आणि फ्रिजला तापमापक व पॉवर बॅकअप आहे तिथेच टोचून घेणं. पावसाळ्यात वीज गेल्यावर काय करता, हा प्रश्न दवाखान्याला विचारायला लाजू नका.

बाबांना रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची गरज नाही. २३ गेजची बारीक सुई मागायची, टोचल्यावर जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरायची. निळं पडलं तर चार-पाच दिवसांत उतरतं. हे नर्सला आधी सांगा, नंतर नाही.

तुमच्या कुटुंबाच्या तारखा

सप्टेंबरचा पहिला आठवडा: मुलीची गोवर-कांजिण्यांची राहिलेली लस, आई-बाबांचा न्यूमोनिया, ज्यांची दहा वर्षं उलटली त्यांचा धनुर्वात. याच आठवड्यात कंपनीला ईमेल. सप्टेंबरच्या मध्यावर आई-बाबांची नागीण, हवी असेल तर. त्याच महिन्यात संधिवाताच्या डॉक्टरांचं पत्र आणि यलो फीव्हर केंद्राची वेळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलीचा पहिला फ्लू, मध्यावर तुम्हा तिघांचा यलो फीव्हर आणि आईंचा फ्लू, शेवटी बाबांचा आणि तुमचा दोघांचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुलीचा दुसरा फ्लू, मध्यावर नागिणीचा दुसरा डोस.

२० नोव्हेंबरनंतर कुणीही काहीही टोचून घेऊ नये, आणीबाणीची जखम वगळता. ७ डिसेंबरला जहाजावर चढताना आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ताप, उलटी, जुलाब, खोकला विचारतात. ताप असेल तर 'लसीमुळे आहे' हे तुमचं म्हणणं तिथला डॉक्टर तपासून मान्य करेल, किंवा तपासण्यात जहाज निघेपर्यंतचा वेळ जाईल.

चढायच्या दिवशी सामान जहाजाकडे सोपवलं की ते संध्याकाळपर्यंत हाती येत नाही. पिवळी पुस्तिका, सूटीचं पान, डॉक्टरांचं पत्र, कंपनीचं ईमेल आणि आई-बाबांच्या दोन दिवसांच्या गोळ्या हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. जहाजाने वादळामुळे बंदर बदललं किंवा कोलोनहून उशिरा निघालं, तर सहा दिवसांचा हिशोब त्या नव्या तारखेपासून पुन्हा करा आणि परतीचं विमान गरजेप्रमाणे पुढे ढकला.